रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका

आधी एक काम करा. चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि खालचा ओठ बोटानं खाली ओढा. दात बघू नका, दात सगळेच बघतात. दात आणि हिरडी जिथं भेटतात ती कड बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. आपल्याकडे बऱ्याच जणांची सावळी किंवा काळपट ठिपक्यांची असते, तीही निरोगीच. ती गोरी करायची क्रीम विचारायला येऊ नका, तसली क्रीम नसते. रंगापेक्षा आकार बघा. कड पातळ हवी, दाताला घट्ट धरलेली हवी, दोन दातांच्या फटीत तिचं टोक नीट बसलेलं हवं. कड जाड, फुगीर, लाल आणि चकाकणारी दिसली, तर तिथं सूज आहे. मग जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं फिरवा. गुळगुळीत लागलं तर उत्तम. खरखरीत लागलं तर ते किटण, आणि ते आता ब्रशनं निघणार नाही.

मी नागपुरात नंदनवन भागात दातांचा दवाखाना चालवते. शिक्षण मेडिकलच्या, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात झालं. ऑटोवाले, शिक्षक, इतवारीतले दुकानदार, उमरेड-कुहीकडून एसटीनं येणारे शेतकरी, असे सगळे माझ्या खुर्चीवर बसतात. कीड लागली, दुखतंय, म्हणून लोक येतात. हिरडी बिघडली म्हणून मात्र क्वचितच कोणी येतं, कारण ती दुखत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप बिघडत राहते आणि दात हलायला लागला की मग माणूस धावत येतो: “मॅडम, दात हालून राहिला, काही करा ना.” तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून इथं बहुतेक सगळं त्या कडेबद्दलच सांगणार आहे.

रक्त कशानं येतं

“काऊन जी काका, इकडच्या बाजूनं घासत नाही का?” मी विचारते. “घासलं का रक्त येते ना मॅडम, म्हणून तिकडून सोडून देल्लं.”

हा संवाद माझ्याकडे इतक्यांदा होतो, की उत्तर तोंडपाठ झालंय. दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट, पांढरट थर बसतो. तुम्ही कितीही छान घासा, काही तासांत तो पुन्हा बसायला लागतो. तो कडेवर पडून राहिला की हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यामुळं ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. म्हणजे रक्त ब्रशमुळे येत नाही, साचलेल्या थरामुळे येतं. तिकडून घासणं सोडलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं.

हे तपासून पाहिलेलं आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथं हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केली, तर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मला या प्रयोगातला दुसरा भाग जास्त आवडतो. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त ब्रश.

तेव्हा जिथं रक्त येतं तिथं मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, पण नेमानं घासा. पहिले तीन-चार दिवस बेसिनमध्ये लाल दिसेल, घाबरू नका. आठ-दहा दिवसांत कमी होईल. दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही, तर कडेखाली किटण दडलेलं असतं आणि ते दवाखान्यातच काढावं लागतं. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. त्यापुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. पुढची झीज मात्र थांबवता येते.

एक गोष्ट वेगळी ठेवा. हात न लावताच हिरड्यांतून रक्त येत असेल, सोबत ताप असेल, अंगावर लाल-निळे डाग दिसत असतील, तर दातांच्या डॉक्टरकडे नंतर या, आधी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासा. पावसाळ्यात आपल्या गावात डेंग्यू असतोच, आणि हिरड्यांतून रक्त येणं हे त्यातलं धोक्याचं लक्षण आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

ब्रश धरायचा कसा

मेडिकल स्टोअरवर ‘हार्ड’ मागणारे लोक अजून आहेत. कडक ब्रशनं दात जास्त स्वच्छ होतात हा समज काही जात नाही. सॉफ्ट घ्या, डोकं लहान असलेला घ्या. किंमत वीस रुपये की दोनशे, यानं काही बिघडत नाही. तीन महिन्यांनी बदला. महिन्याभरातच केस दोन्हीकडे पसरले असतील, तर ब्रश वाईट नाही, तुमचा हात जड आहे. आडवा, करवतीसारखा ब्रश ओढणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात. मग थंड पाणी लागलं की ते कळवळतात.

आता कृती. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरा. केस तिरपे, साधारण ४५ अंशांत, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवा. खोली झाडताना आपण झाडू भिंतीच्या कोपऱ्यात तिरपा घालतो, कारण कचरा फरशीच्या मधोमध नसतो, कडेला असतो, इथंही तेच. केस तिथंच ठेवून जागच्या जागी थरथरल्यासारखे हलवा, आठ-दहा वेळा. मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एक फटकारा मारा. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. एका वेळी दोन-तीन दातच घ्या, मग पुढे सरका.

सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूनं करा. सगळे जण समोरच्या दातांपासून, आरशात दिसणाऱ्या बाजूनं सुरू करतात आणि आतली बाजू येईपर्यंत कंटाळतात. किटण मात्र सगळ्यात आधी तिथंच बसतं, कारण लाळेच्या ग्रंथी जिभेखाली उघडतात आणि लाळेतलं कॅल्शियम त्या थरात मुरून तो कडक होतो. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथंही लाळेची नळी उघडते. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश आडवा जात नाही, उभा धरा आणि टोकाकडच्या केसांनी घासा. सगळ्यात मागच्या दाढेपर्यंत पोचायचं असेल तर तोंड मोठं उघडू नका, अर्धं मिटा. मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा राहत नाही. ही एवढी युक्ती सांगितली तरी लोक चकित होतात.

वेळ दोन मिनिटं. सकाळच्या घाईत माणसाला अर्धं मिनिटही दोन वाटतात, म्हणून घड्याळ लावा किंवा विविध भारतीवरचं गाणं निम्म्याच्या वर होईपर्यंत थांबू नका. झालं की फेस थुंका आणि नंतर एखादीच छोटी चूळ भरा. दहा चुळा भरल्या तर पेस्टमधलं फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये जातं.

जीभही साफ करा. मागून पुढं, दोन-तीनदा, अलगद. आमच्या गल्लीत सकाळी सहाला एक काका घसा खरवडून असा आवाज काढतात की अख्खी गल्ली उठते. त्याची काही गरज नाही.

फटी आणि रात्र

ब्रश कितीही चांगला चालवला तरी दोन दातांच्या मधे शिरत नाही, आणि हिरडीचा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. सावजीचं मटण खाल्लं की रेषा अडकते, मग माचिसची काडी, सेफ्टीपिन, शिवणाची सुई, लग्नपत्रिकेचा कोपरा, काय काय वापरतात लोक! या सगळ्यांनी हिरडी सोलली जाते आणि फट वाढते.

दात जवळजवळ असतील तर फ्लॉस घ्या. हा मेणाचा बारीक दोरा मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो. हातभर, साधारण ४५ सेंटिमीटर, तोडा. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि मधला दोन बोटं लांबीचा तुकडा फटीत हलवत हलवत उतरवा. झटक्यानं खाली आणू नका, हिरडी कापते. आत गेल्यावर दोरा एका दाताला कवेत घेऊन वर-खाली पुसा, मग शेजारच्या दाताला. फटी मोठ्या असतील, पन्नाशी ओलांडली असेल, तर फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश चांगला. बाटली धुवायच्या ब्रशची ती छोटी आवृत्ती असते. माप दवाखान्यात विचारून घ्या. दिवसातून एकदा, रात्री, पुरे.

रात्रीच का? झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा लाळ तोंड धूत असते, आम्ल कमी करत असते. रात्री हे काम बंद पडतं आणि जे अन्न तोंडात उरलंय त्यावर जंतूंना सहा-सात तास निवांत मिळतात. दिवसातून एकदाच घासणार असाल, तर माझं मत विचाराल तर रात्री घासा. आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. हळदीचं दूध प्यायचं तर आधी प्या. बडीशेप-खडीसाखरही आधी.

पेस्ट, मंजन, काडी

फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या. आपल्या देशात पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) ठेवायला परवानगी आहे; ट्यूबवर आकडा छापलेला असतो, तो हजाराच्या आसपास आहे का बघा. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, ती पेस्ट खपवायला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लोराइड विष असल्याचे मेसेज फिरतात. त्यात अर्धं सत्य आहे आणि ते आपल्या विदर्भातलंच आहे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. दात तयार होण्याच्या वयात मुलं ते पाणी वर्षानुवर्षं प्यायली की दातांवर खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. ते डाग दाताच्या आत असतात, घासून जात नाहीत. तिकडची मुलगी लग्न ठरल्यावर माझ्याकडे येते आणि ‘रोज घासते हो मॅडम’ म्हणून रडकुंडीला येते. तिचा काही दोष नसतो. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्यानं काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच काढली. पण ती गोष्ट पाणी पिण्याची आहे. घासून थुंकायच्या पेस्टची नाही. नागपुरात नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. बोअरचं पाणी पीत असाल तर तपासून घ्या, पेस्ट सोडू नका.

कडुलिंबाची काडी वाईट नाही. नीट चावून कुंचला केला आणि हळू फिरवली तर दर्शनी भाग साफ होतो. आतली बाजू आणि मागच्या दाढा राहतात, आणि फ्लोराइड मिळत नाही. हौस असेल तर सकाळी काडी, रात्री ब्रश. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, जाडं मीठ मात्र नको. दात चमकतात कारण वरचं आवरण घासलं जातं, आणि ते परत येत नाही.

मशेरी, तपकीर, गुडाखू ही मंजनं नाहीत, ती तंबाखू आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. भंडारा-गोंदियाकडच्या काही आज्या गुडाखूशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. ते व्यसनाचं बोलणं आहे, पण आजीला तसं तोंडावर म्हणू नका. तिच्या हिरड्या दाखवायला घेऊन या.

माउथवॉश रोज लागत नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आम्ही लिहून देतो तो दोन आठवड्यांपुरता. जास्त दिवस वापरला तर दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते.

गोड किती, यापेक्षा किती वेळा

गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्ल मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचं आवरण विरघळायला लागतं. लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून जेवणानंतर संत्रा बर्फीचे दोन तुकडे एकदम खा, माझी हरकत नाही. तेच दोन तुकडे दुपारभर डबा उघडून चिमूट-चिमूट खाल्ले तर दात दुपारभर आम्लात. ऑफिसात दर तासाला अर्धा कप गोड चहा घेणाऱ्यांचं तसंच. संक्रांतीचा तिळगूळ आणि चिक्की दाढेच्या खाचेत चिकटून बसते. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा.

आपलं संत्रं आंबट असतं. काटोल-नरखेडकडचे लोक बहर आला की दिवसभर संत्रीच खातात, आणि पुढच्या दातांच्या कडा पातळ होऊन पारदर्शक दिसायला लागतात. खा, पण एका बैठकीत खा, वर पाणी प्या, आणि लगेच ब्रश करू नका. आम्लानं आवरण मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश मारला की झीज होते. अर्धा तास जाऊ द्या. मे महिन्यातल्या लिंबूसरबताला, कोल्ड्रिंकला हाच नियम. पारा ४५ च्या वर गेल्यावर सरबत नको असं मी म्हणणार नाही. घोट-घोट करत तासभर लांबवू नका, एवढंच.

खर्रा

आता खरं बोलायचं. नागपुरात हिरड्यांबद्दल लिहायचं आणि खर्ऱ्याचं नाव काढायचं नाही, हे काही जमणार नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात, तो खर्रा. डॉक्टरही खातात, पोलीसही खातात, मास्तर तर खातातच.

खर्रा गालात ज्या बाजूला दाबून ठेवता, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. शिवाय तंबाखू रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे सूज असूनही रक्त कमी येतं. खर्रा खाणारा अभिमानानं सांगतो, “माह्या हिरड्यातून कधीच रक्त नाही आलं.” आत हाड झिजलेलं असतं.

“मी तंबाखू नाही टाकत जी, साधी सुपारी खातो.” सुपारी साधी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते. पहिलं लक्षण आपल्या गावात सहज ओळखू येतं. सावजीचा झणझणीत रस्सा मिटक्या मारत खाणारा माणूस एकाएकी तिखट झोंबतं म्हणायला लागतो. पोह्यांवरची तर्रीही नको म्हणतो. घरचे म्हणतात, उष्णता वाढली असेल. उष्णता नाही, तोंड दाखवा.

दर महिन्याला एक चाचणी घरी करा. तुमचीच तीन बोटं, तर्जनी, मध्यमा, अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मधे घाला. जात असतील तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच जात असतील तर आताच या. एकच बोट जाणारे तरुण पोरंही माझ्याकडे येतात; त्यांची दाढ काढायची म्हटलं तर माझं अवजार आत जात नाही. हा ताठरपणा पूर्ण परत फिरत नाही, पण खर्रा सुटला तर वाढणं थांबू शकतं, आणि व्यायामानं, औषधानं थोडं उघडतंही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, जखम, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर मग दुखो न दुखो, दाखवाच. कर्करोग सुरुवातीला दुखत नाही.

सोडायचा कसा, यावर भाषण देत नाही. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ तोंडात लवंग, भाजलेली बडीशेप ठेवा आणि ठेल्याचा रस्ता बदला. जेवणानंतरचा खर्रा सगळ्यात चिवट असतो, म्हणून जेवल्या-जेवल्या दात घासून टाका; स्वच्छ तोंडात खर्रा टाकावासा वाटत नाही, असं सोडलेले लोकच सांगतात. निकोटिनचा च्युइंगम डॉक्टरला विचारून घ्या. सरकारची तंबाखूमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथं समुपदेशक बोलतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण बंदीच्या भरवशावर राहू नका.

मुलांचं थोडक्यात

पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, तेव्हापासूनच ब्रश. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्री आईनं किंवा बाबांनी घासून द्यायचं. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नका.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती यायला कोणताही दात पडत नाही, म्हणून आईबापांना कळतच नाही. “दुधाची आहे, पडेलच,” म्हणून किडू देतात. ती आयुष्यभराची दाढ असते. तिच्या खोल खाचा आधीच भरून घेता येतात, दुखत नाही, लागतो थोडाच वेळ.

आणि कीड म्हणजे किडा नाही. बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे काढणारे’ बसतात. पाण्यात पडतात ते बियांतले कोंब. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे रोगराई हाकलायच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते तेव्हा रोगराई घेऊन जा म्हणून जरूर ओरडा, पण दाढेचा खड्डा भरायला दवाखान्यातच आणा.

सफाईची भीती

“सफाई केली का दात ढिले होतात म्हणते ना.” हे शेजारची वहिनी सांगते आणि लोक दहा वर्षं येत नाहीत. होतं असं, की किटणाचा दगड हलणाऱ्या दातांना बाहेरून बांधून ठेवतो. दगड काढला की दात मुळात किती हलत होते ते कळतं. फटी दिसतात, कारण तिथं दगड भरला होता. यंत्र पाण्याच्या फवाऱ्यासह थरथरतं आणि किटण फोडतं, दात तासत नाही. पाच-सात दिवस थंड झोंबेल, मग थांबेल. वर्षातून एकदा करा. शुगर असेल, तंबाखू असेल, तर सहा महिन्यांनी. पैशाची अडचण असेल तर मेडिकलच्या दंत महाविद्यालयात जा. तिथं वेळ मोडतो, विद्यार्थी हळू काम करतात, पण वर शिक्षक उभे असतात आणि खर्च फार कमी येतो.

मधुमेह असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत पू असला की शुगर आवरत नाही. दोन्हीचे डॉक्टर एकमेकांना ठाऊक असू द्या. गरोदरपणात हिरड्या फुगतात, रक्त येतं. ब्रश सोडायचा नाही. सफाई चौथ्या ते सहाव्या महिन्यात निर्धास्त करता येते. कवळी असेल तर रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा आणि साबणानं, मऊ ब्रशनं धुवा. पेस्टनं तिच्यावर ओरखडे पडतात. उकळतं पाणी नको, ती वाकडी होते.

अवेळी काही झालं तर

रात्री दाढ ठणकायला लागली, तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा, अडकलेलं अन्न फ्लॉसनं काढा, नेहमी चालत असेल ती पॅरासिटामॉलची गोळी पाण्याबरोबर गिळा. गोळी गालात दाबून ठेवू नका, तिनं कातडी जळते. लवंगेच्या तेलाचा कापूस दाढेच्या खड्ड्यापुरता ठेवा, हिरडीला लागू देऊ नका. तंबाखू तर दाबूच नका. बाहेरून शेकू नका. आणि सकाळी ठणका थांबला तरी या. कधी कधी तो दाताची नस मेली म्हणून थांबतो.

खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निघून पडला तर दाताचं डोकं धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. मातीत पडला असेल तर दुधानं किंवा पाण्यानं नुसता विसळा. जमलं तर जागेवर बसवा आणि रुमाल चावायला द्या, नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात दवाखाना गाठा. तास उलटला की तो रुजायची आशा झपाट्यानं कमी होते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

गालावर सूज येऊन ती जबड्याखाली, गळ्याकडे उतरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, तर माझ्या दवाखान्याचं शटर उघडायची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ मेडिकलच्या किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि शुगर असेल तर तिथल्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच सांगा.